जाफन्याची माया, लंडनची एम.आय.ए.: एका हिप हॉप कलावतीचे गाणे कसे घडले

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुरतहून भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला माझ्याकडे आली. तिचे मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातले; पण तिचा जन्म उधन्याचा, कारण तिचे वडील तिथे लूमवर कामाला आहेत आणि आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत मराठी अशा चार बोलींत ही मुलगी वाढली आहे. तिने मोबाईलवर एक इंग्रजी गाणे लावले. त्यात बंदुकीचे बार होते, गल्ल्याचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज होता आणि एक बाई थोड्या बेफिकीर सुरात बोलल्यासारखी गात होती. बाईचा चेहरा आपल्याकडचा, भाषा इंग्रजी आणि ठेका भलताच. भाचीने विचारले, "मावशी, हाई बाई नेमकी कोठली शे?"

या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही. ते का नाही, हे नीट समजले की ते गाणेही समजते. म्हणून तिला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

ती बाई म्हणजे मातंगी अरुलप्रगासम. घरचे नाव माया, रंगमंचावरचे नाव एम.आय.ए. तिचा जन्म १८ जुलै १९७५ रोजी लंडनच्या हाउन्स्लो भागात एका श्रीलंकन तमिळ कुटुंबात झाला. ती अवघी सहा महिन्यांची असताना आईवडील तिला घेऊन श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफन्याला परतले. वडील इंजिनिअर होते आणि तमिळांच्या हक्कांसाठी लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'इरॉस' या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. श्रीलंकेत १९५६ साली एकट्या सिंहली भाषेला राजभाषेचा दर्जा देण्यात आला होता आणि तेव्हापासून तमिळांमध्ये साचत गेलेला असंतोष १९८३ पासून उघड युद्धात बदलला. वडील भूमिगत असत. कधी चोरून घरी आलेच, तर मुलांना 'हे काका आहेत' असे सांगितले जाई, म्हणजे मुलांच्या तोंडून चुकूनही खरे निघू नये. तीन मुलांना घेऊन आई, कला, हिने काही काळ मद्रासच्या बाहेर एका पडक्या घरात काढला, पुन्हा जाफना गाठले आणि अखेर १९८६ साली मुलांसह निर्वासित म्हणून लंडन गाठले. माया तेव्हा अकरा वर्षांची होती.

दक्षिण लंडनमधील मिचम येथे फिप्स ब्रिज नावाची सरकारी घरांची वस्ती आहे. तिथे त्यांना घर मिळाले. आई शिवणकाम करू लागली. वस्तीत आपल्यासारख्या वर्णाची कुटुंबे बोटावर मोजण्याइतकी होती आणि वंशद्वेष रोजचाच होता. मायाने मुलाखतींत एक प्रसंग सांगितला आहे. घरातला रेडिओ चोरीला गेला आणि त्यानंतर शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून येणारे संगीत तिच्या कानावर पडू लागले. ते हिप हॉप होते. इंग्रजी अजून पुरते येत नव्हते, पण शब्दांमागचा राग आणि ठेका मात्र तिला लगेच कळला. भाषेच्या आधी ताल समजणे हा अनुभव ज्याने परमुलखात पहिले दिवस काढले आहेत त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता हिप हॉप म्हणजे काय, ते पाहू. कारण आपल्याकडे पुष्कळांना तो केवळ भराभर बोलण्याचा प्रकार वाटतो. त्याची जन्मतारीख साधारणपणे ११ ऑगस्ट १९७३ मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून एक नाचगाण्याची संध्याकाळ ठेवली. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेशशुल्क होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, जो पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. हे कुटुंब जमैकातून अमेरिकेत आलेले. गाण्यात जिथे गायन थांबते आणि नुसता ढोल-ताशा वाजतो, त्या काही सेकंदांची नाचणारी मुले वाट पाहतात, हे हर्कने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला आणि त्यावर माईकमधून यमक जुळवत बोलणे सुरू झाले. तसे बोलण्याची रीत जमैकात आधीपासून होती. म्हणजे या कलेच्या मुळाशीच स्थलांतरितांची वस्ती आहे आणि पहिल्या संध्याकाळची यजमान एक मुलगी आहे. हिप हॉप पुरुषांचे आणि त्यात बाया नंतर आल्या, असे जे सर्रास सांगितले जाते ते मला म्हणूनच पटत नाही.

रॅपचे, म्हणजे ठेक्यावर यमक जुळवत बोलण्याचे, अंतरंग समजायला मी भाचीला स्टीलचे ताट उपडे धरायला लावले. चार ठोक्यांचे एक घर असते, त्याला बार म्हणतात. बोलणारी व्यक्ती आपले शब्द त्या चार ठोक्यांत बसवते. कधी शब्द नेमका ठोक्यावर पडतो, कधी मुद्दाम जरा मागे रेंगाळतो, कधी दोन ठोक्यांच्या मधून निसटतो. या बसवण्याच्या चालीला फ्लो म्हणतात आणि कलावंताची ओळख तिच्यावरूनच ठरते. आपल्या आज्या जात्यावर बसत तेव्हा खुंट्याचा एक फेरा ओवीची लांबी ठरवत असे. इथे फेऱ्याच्या जागी ठोका आहे, एवढेच. मग मी भाचीला तिच्याच बोलींतला एक प्रश्न तीनदा विचारायला सांगितला: अहिराणीत 'तू कथा शे', गुजरातीत 'तू क्यां छे', हिंदीत 'तू कहाँ है'. तिने ताटावर बोटे आपटत ते म्हटले आणि तिच्या ध्यानात आले की तिन्ही ओळींचा अर्थ एकच आहे, तिन्हींच्या शेवटी जवळजवळ एकच ध्वनी येतो, आणि तरीही तिन्ही भाषा वेगळ्या आहेत. शाळेत याच सरमिसळीबद्दल तिला आजवर बोलणी खावी लागली होती.

मायाने नेमकी ही सरमिसळ आपले भांडवल केली. पण ती थेट संगीताकडे वळली नाही. लंडनच्या सेंट मार्टिन्स या प्रसिद्ध कलाविद्यालयात तिने चित्रपटाचे शिक्षण घेतले, स्टेन्सिलने रंगवलेली चित्रे काढली आणि इलॅस्टिका या बँडच्या जस्टिन फ्रिशमनशी तिची मैत्री झाली. त्या बँडच्या २००० सालच्या अल्बमचे मुखपृष्ठ तिने केले आणि दौऱ्याचे चित्रीकरण करण्यासाठी ती त्यांच्यासोबत गेली. त्या दौऱ्यात पीचेस नावाच्या गायिकेने तिला रोलँड कंपनीचे एमसी-५०५ हे यंत्र दाखवले. हे एक छोटे पेटीवजा यंत्र असते. त्यात ढोलाचे, टाळीचे, घंटेचे आवाज भरलेले असतात आणि बटणे दाबून त्यांचा क्रम लावला की तो पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

खानदेशातल्या वाचकाला हे यंत्र परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या वरातीत बँजो पार्टीच्या गाडीवर एक पोरगा पॅड वाजवत असतो. त्याच्यासमोर स्टँडवर काळी चौकट असते, तिच्यावर आठ रबरी खाने असतात आणि काठी ज्या खान्यावर पडेल तिथून ढोलकी, ताशा किंवा झांज वाजते. तो ऑक्टापॅड त्याच रोलँड कंपनीचा. चार माणसांचा वाद्यवृंद परवडत नाही तिथे एका माणसाच्या हाताखाली सगळी वाद्ये आणून ठेवणे, ही या यंत्राची मोठी देणगी आहे. संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण नसलेल्या आणि वाद्य घ्यायला पैसे नसलेल्या मायाला नेमके तेच हवे होते. भाड्याच्या घरात बसून तिने या पेटीवर आपली पहिली गाणी रचली. 'गलांग' हे त्यांतले एक. २००३ साली त्याच्या अवघ्या पाचशे तबकड्या निघाल्या होत्या. पण त्या क्लबांतून आणि इंटरनेटवरून इतक्या फिरल्या की एक्सएल या लंडनच्या कंपनीने तिला करारबद्ध केले.

तिच्या नावाचाही अर्थ सांगायला हवा. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकासाठी इंग्रजीत जी तीन आद्याक्षरे वापरतात तीच एम.आय.ए. ही आहेत. तिच्याच वयाचा तिचा एक चुलतभाऊ श्रीलंकेत बेपत्ता होता आणि ती स्वतः तेव्हा लंडनच्या ॲक्टन भागात राहत होती. त्या दोन्हींचा मेळ तिने या नावात घातला.

पहिला अल्बम २००५ साली आला. त्याचे नाव 'अरुलर'. हे तिच्या वडिलांचे भूमिगत जीवनातले नाव. वर्षानुवर्षे न भेटलेल्या बापापर्यंत निदान नावाने तरी पोहोचता यावे, हा त्यामागचा हेतू होता. वडिलांचा ईमेल खरोखरच आला, त्यात त्यांनी अल्बमचे नाव बदलायला सांगितले होते, आणि तिने ते बदलले नाही. हा अल्बम ब्रिटनच्या मानाच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत गेला. दुसरा अल्बम २००७ चा 'कला'. हे आईचे नाव. आपल्याला त्या शब्दाचा वेगळा अर्थ लागतो आणि तोही इथे वाया जात नाही. मला विचाराल तर हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि ते मोठे होण्यामागे एक अडवणूक आहे.

२००६ साली मायाला अमेरिकेचा व्हिसा मिळेना. तिथल्या मोठ्या संगीतकारांसोबत स्टुडिओत बसून अल्बम करायचा बेत होता, तो बारगळला. मग ती जिथे जाता येईल तिथे गेली: भारत, त्रिनिदाद, जमैका, लायबेरिया, ऑस्ट्रेलिया. चेन्नईत तिने उरुमी वाजवणाऱ्यांचा ताफाच ध्वनिमुद्रित केला. उरुमी हे तमिळनाडूतले दोन तोंडांचे चामडी वाद्य आहे. आपल्या संबळालाही एक वाकडी काठी लागते, पण ती आपटण्यासाठी. उरुमीची काठी मात्र चामड्यावर घासतात आणि त्यातून कण्हल्यासारखा, घुमणारा आवाज निघतो. 'बर्ड फ्लू' आणि 'बॉइज' या गाण्यांत तो स्पष्ट ऐकू येतो. 'बांबू बांगा' या गाण्यात तिने इळयराजांच्या १९९१ सालच्या तमिळ चित्रपटगीताचा तुकडा वापरला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांच्या एका गटासोबत, त्यांच्या डिजेरिडू या लाकडी फुंकवाद्यासह, एक गाणे केले. लंडनमधला नायजेरियन वंशाचा आफ्रिकन बॉय हा रॅपर दुसऱ्या एका गाण्यात आला. अमेरिकेचे दार बंद झाले नसते तर हा अल्बम असा झाला नसता.

जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात बसवण्याला सॅम्पलिंग म्हणतात आणि त्याबद्दल गैरसमज फार आहेत. ती चोरी नव्हे, कारण मूळ रचनाकाराची परवानगी घ्यावी लागते आणि उत्पन्नात त्याला वाटा व श्रेय द्यावे लागते. मात्र कायद्याइतकाच अर्थही महत्त्वाचा आहे. भाचीने लावलेले गाणे 'कला' मधलेच, 'पेपर प्लेन्स'. त्याच्या तळाशी सतत फिरत राहणारी गिटारची धून 'द क्लॅश' या इंग्रज बँडच्या १९८२ सालच्या 'स्ट्रेट टू हेल' या गाण्यातली आहे. ते मूळ गाणेही परक्या देशात नकोशा झालेल्या माणसांबद्दलचे होते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी गोऱ्या गायकाने निर्वासितांविषयी जे म्हटले, त्याच सुरावर उभे राहून आता एक निर्वासित मुलगी स्वतः बोलते. जुन्या वाड्याचे सागवानी दार काढून नव्या घराला बसवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ओळखू यावे, तसे हे आहे.

बंदुकीचे बार आणि गल्ल्याचा आवाज यांवरून पुष्कळ वाद झाला. अमेरिकेच्या टीव्हीवर ते बार दाबून टाकले गेले. ही बाई हिंसेचे आणि लुटीचे गुणगान करते, असे आरोप झाले. तिचे म्हणणे असे होते की बाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाकडे 'हा आमचे पैसे लुबाडायला आला' या नजरेने पाहिले जाते. तीच नजर तिने अतिशयोक्तीने गाण्यात मांडली. मला हा खुलासा पटतो, कारण गाण्याचा सगळा विषय व्हिसा, कागदपत्रे आणि सीमा हाच आहे. २००८ साली हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्या देशाने तिला वेळेवर आत येऊ दिले नाही, त्याच देशात तिचे सर्वांत लोकप्रिय गाणे हे व्हिसाविषयीचे ठरले.

'कला' मधले 'जिमी' हे गाणे मात्र आपल्याकडच्या कोणालाही दोन सेकंदांत ओळखता येईल. १९८२ च्या 'डिस्को डान्सर' मधील बप्पी लाहिरींच्या संगीतातले 'जिमी जिमी आजा' हे ते गाणे. लहानपणी घरगुती समारंभात ती याच गाण्यावर नाचत असे. मोठेपणी तिने तीच चाल ठेवली आणि शब्द बदलून त्यात वांशिक कत्तली झालेल्या देशांचे उल्लेख आणले. वरातीच्या चालीत असा मजकूर ऐकताना अंगावर काटा येतो.

स्त्री म्हणून तिला काय सोसावे लागले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. तिच्या यशाचे श्रेय अनेक पत्रकार तिच्यासोबत काम केलेल्या डिप्लो या पुरुष निर्मात्याला देत राहिले. 'पेपर प्लेन्स' मध्ये त्याचा वाटा आहेच. पण 'गलांग' त्याच्या ओळखीआधीचे होते आणि 'कला' चे बरेचसे काम तिने स्विच या दुसऱ्या निर्मात्यासोबत केले होते. २००७ साली एका मुलाखतीत तिने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सुनावली. शेतात निंदणी, वेचणी बाईने करायची आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे, हे आपण रोज पाहतो. तिचा संताप समजायला आपल्याला वेळ लागू नये.

८ फेब्रुवारी २००९ हा दिवस तर विलक्षणच होता. त्या रात्री ग्रॅमी समारंभात ती जे-झी, कान्ये वेस्ट, लिल वेन आणि टी.आय. या अमेरिकेच्या आघाडीच्या चार रॅपरांसोबत रंगमंचावर आली, तेव्हा तिला नववा महिना संपत होता आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी तीच होती. चौघांच्या त्या गाण्याचा पायाच 'पेपर प्लेन्स' मधल्या तिच्या आवाजाचा तुकडा होता. तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, तिला मुलगा झाला. त्याच महिन्यात ए. आर. रहमान यांच्यासोबत केलेल्या 'ओ... साया' या 'स्लमडॉग मिलियनेअर' मधल्या गाण्यासाठी ती ऑस्करच्या नामांकनातही होती. आणि त्याच दिवसांत श्रीलंकेच्या उत्तरेत युद्धाचा शेवटचा, अतिशय रक्तरंजित टप्पा चालू होता, जो मे २००९ मध्ये संपला. ती मुलाखतींत गाण्याऐवजी त्या युद्धात अडकलेल्या तमिळ नागरिकांबद्दल बोलत राहिली. सरकारविरुद्ध लढणाऱ्या 'तमिळ वाघ' (एलटीटीई) या सशस्त्र संघटनेची ती समर्थक आहे, असा आरोप तेव्हापासून तिला चिकटला. तिच्या वडिलांची संघटना वेगळी होती, हे सांगणारे थोडे होते. तिच्या सुरुवातीच्या चित्रांत वाघाचे चिन्ह आले होते हे खरे, आणि त्याबद्दल प्रश्न विचारणे रास्तही आहे. परंतु मरणाऱ्या नागरिकांविषयी बोलणे आणि शस्त्र उचलणाऱ्यांची बाजू घेणे यांत जो फरक आहे, तो तिच्या टीकाकारांनी अनेकदा मुद्दाम पुसला, असे माझे मत आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. २०१० चा 'माया' आणि २०१३ चा 'मातंगी' यांनी तिच्या दोन्ही नावांचे वर्तुळ पूर्ण केले. दहा महाविद्यांपैकी मातंगी ही संगीताची आणि वाणीची देवी. फेब्रुवारी २०१२ मध्ये मॅडोनासोबत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात गाताना तिने कॅमेऱ्याला मधले बोट दाखवले आणि फुटबॉल लीगने तिच्यावर मोठा दावा ठोकला, जो २०१४ साली आपसांत मिटला. २०१६ मध्ये 'एम' (AIM), २०२२ मध्ये 'माता' असे अल्बम आले. २०१८ साली तिचा महाविद्यालयीन मित्र स्टीव्ह लव्हरिज याने तिच्यावर केलेला माहितीपट प्रदर्शित झाला; त्यात तिने तरुणपणी स्वतः घरात केलेले चित्रीकरण मोठ्या प्रमाणात आहे. तिचे वाढते वय, आजी, आईची शिलाई, जाफन्यातले नातेवाईक हे सारे तिच्याच कॅमेऱ्यातून दिसते. एवढ्या एकाच गोष्टीसाठी तो पाहावा.

माझ्या भाचीला सर्वांत भावले ते मात्र वेगळेच. २०१९ साली ब्रिटनच्या राणीच्या सन्मानयादीत मायाला एमबीई हा किताब जाहीर झाला. राजघराण्यावर आणि साम्राज्यावर टीका करणाऱ्या बाईने तो का घेतला, असे अनेकांनी विचारले. तिने उत्तर दिले की हा सन्मान ती आईसाठी घेते आहे, कारण या पदकांचे हाताने करायचे शिवणकाम तिची आई बत्तीस वर्षे करत होती. निर्वासित म्हणून आलेल्या एका बाईने दुसऱ्यांच्या छातीवरची पदके टाके घालून तयार केली आणि त्यांतलेच एक अखेर तिच्या घरी आले. हे ऐकल्यावर भाची थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई बी टिकल्या लावस, पण ती साडी कधी नेसत नही."

जून महिन्यात ती परत उधन्याला गेली. आठवडाभराने तिचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. वडिलांच्या कारखान्यात जाऊन तिने लूमचा आवाज मुद्रित केला होता आणि त्यावर 'तू कथा शे' पासून सुरू होणाऱ्या आठ ओळी रचल्या होत्या. सोबत एक तक्रार होती: लूमचा ठोका चारात बसत नाही, शब्द पुढे पळतात, आता काय करायचे? मी तिला उत्तर म्हणून 'बर्ड फ्लू' पाठवले आणि लिहिले की आधी नुसती उरुमी ऐक, मग बाई बोलायला कुठे सुरुवात करते ते मोज.